खडकांचे प्रकार : गावच्या विहिरीवरून पाठ

भूगोलाच्या पाठात अग्निजन्य, स्तरित व रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार शिकविले जातात. मुले व्याख्या पाठ करतात. परंतु समोरचा डोंगर दाखवून ‘हा खडक कोणता?’ असे विचारले, तर ‘थर दिसतात, म्हणून स्तरित’ असे उत्तर पुष्कळदा येते. उत्तर चूक असले तरी ते निरीक्षणातून आलेले असते. म्हणून त्याचा अव्हेर न करता तेथूनच पाठास आरंभ करावा.

विषयविवेचन

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्ट खडकाने, व्यापिला आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा वर आला व दूरवर पसरून थिजला. असे अनेक प्रवाह एकावर एक साचले. सह्याद्रीच्या उतारांवर पायऱ्यांसारखे दिसणारे थर या प्रवाहांचेच होत. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखरही त्यांचेच बनले आहे. तात्पर्य, खडकाचा प्रकार केवळ थरांवरून नव्हे, तर उत्पत्तीवरून ठरतो. बेसॉल्ट थरांचा असूनही अग्निजन्यच होय.

प्रवाहाचा आतील भाग सावकाश निवाला व त्याचा घट्ट पाषाण झाला. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजे भरली. या ठिपकेदार खडकास विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते भेगांत, मुरुमात व झिजून भुसभुशीत झालेल्या थरांत साठते. त्यामुळेच एका विहिरीस पाणी लागते व शेजारची कोरडी राहते. खडकांचा पाठ शेतकऱ्याच्या मुलास उपयोगी पडतो तो येथे.

वाळू, चिखल किंवा शंखशिंपल्यांचा चुरा पाण्याच्या तळाशी साचून, दाबाने घट्ट होऊन स्तरित खडक बनतात. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत वालुकाश्म आणि चुनखडक आढळतात. गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून झालेला तेथील दगडी कोळसाही वालुकाश्मांच्या सोबतीनेच सापडतो.

उष्णता व दाब यांमुळे मूळ खडक न वितळता पालटला, तर तो रूपांतरित होतो. चुनखडकाचा संगमरवर होतो. चिखलापासून झालेल्या खडकाचा पाटीचा दगड होतो. जुनी दगडी पाटी हा वर्गातच मिळणारा नमुना होय.

पाठाचा क्रम

१. विहिरीतून निघालेल्या दगडांच्या ढिगाकडे मुलांस न्यावे. कठडा नसलेल्या विहिरीजवळ नेऊ नये. घट्ट पाषाण, मांजऱ्या व मुरूम मुलांकडून वेगळे करवून घ्यावेत.

२. प्रत्येकावर थोडे पाणी ओतून ते कोठे मुरते हे पाहण्यास सांगावे.

३. काचेच्या बरणीत खडी, वाळू, माती व पाणी घालून हलवावे व बरणी दुसऱ्या दिवसापर्यंत स्थिर ठेवावी. जड कण खाली व बारीक वर असे थर दिसतील. हे थर व डोंगराचे थर यांतील भेद मुलांच्या तोंडून काढावा.

सरावाचे प्रश्न

(अ) घरातील काळ्या दगडाचा पाटा व शाळेतील दगडी पाटी यांची उत्पत्ती कशी भिन्न आहे?

(आ) डोंगरात थर दिसतात, तरी आपला खडक अग्निजन्य का?

(इ) घरच्या विहिरीत वरून खाली कोणते थर लागले, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहा व आकृती काढा.

तिसऱ्या प्रश्नाच्या आकृत्या एकत्र करून वर्गात लावाव्यात. गावाच्या भूमीचा तो पहिला नकाशा मुलांनी स्वतः केलेला असेल.