कौतुकानंतरचं 'पण'

लातूर असो की नांदेड, निकाल लागला की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "छान मिळालेत गं गुण, पण गणितात कसे काय कमी पडले?"

आपण सगळेच असं बोलतो. बोलताना मनात काळजीच असते. अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'चं नाव राज्यभर झालंय, नांदेडलाही 'नीट'च्या क्लाससाठी गावोगावची लेकरं खोली करून राहतात. फीचे हप्ते, दिवसभराचं काम, त्यात शेजारचं पोरगं पुढं गेल्याची बातमी. जीव धास्तावतो अन् ते 'पण' तोंडून निघून जातं.

लेकराला मात्र 'पण'च्या अलीकडचं काही ऐकूच येत नाही.

आपली मुलं शाळेत या 'पण'साठी इंग्रजी 'बट' शिकतात. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'बुटान' होतं आणि अर्थ होता 'बाहेर', 'वगळून'. 'ऑल बट वन', म्हणजे एक सोडून सगळे, यात तो अर्थ अजून टिकून आहे. स्कॉटलंडमध्ये तर दोन खोल्यांच्या घरात बाहेरची खोली 'बट' आणि आतली 'बेन'. आपल्या कौतुकाचं तसंच होतं. मिळालेले गुण ओसरीवरच राहतात, चुकलेलं तेवढं माजघरात येतं.

आपल्याकडं 'पण'च्या जागी शब्द बदलत आले. ज्ञानेश्वरीत 'परी' आहे. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेल्या पिढीच्या बोलण्यात 'लेकिन' सहज यायचं. आणि 'पण'ला तर दुसरा, मायेचा अर्थही आहे. 'मी पण येतो.' खेड्यात आपण तिथं 'मी बी येतो' म्हणतो.

म्हणून वाटतं, वाक्य जरा फिरवून बघू या. "गणित अवघड गेलं, पण विज्ञान किती मनापासून केलंस!" शेवटचं ऐकलेलं लेकराच्या मनात राहतं. किंवा कौतुक करून तिथंच थांबावं. गणिताचं उद्या निवांत बोलता येईल.

दमून घरी आल्यावर हे रोज सुचेलच असं नाही. तरी पेपरच्या आदल्या रात्री लेकरू गप्प बसलं, तर एवढं नक्की म्हणू या, "तुला भीती वाटते ना? मला पण वाटते. चल, दोघं मिळून बघू काय राहिलंय ते."