लेझरने इलेक्ट्रॉन पळतात, मग एवढा बोगदा कशाला?

प्रश्न : क्ष-किरणांच्या फ्री इलेक्ट्रॉन लेझरसाठी जर्मनीत हॅम्बुर्गजवळ ३.४ किलोमीटरची यंत्रणा जमिनीखाली उभारली आहे. दुसरीकडे, लेझरच्या झोताने काही सेंटिमीटरमध्येच इलेक्ट्रॉनना प्रचंड ऊर्जा देता येते असे वाचले. मग बोगदे खणायचेच कशाला?

उत्तर : तुम्ही वाचलेले दोन्ही खरे आहे. नेहमीच्या त्वरकात धातूच्या पोकळ्यांमधले विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनना पुढे रेटते. ते मीटरमागे काही कोटी व्होल्टच्या फार पुढे नेता येत नाही. तांब्याच्या पोकळीत ठिणग्या पडतात, अतिवाहक पोकळीचे अतिवाहकत्वच नाहीसे होते. म्हणून ऊर्जा हवी तर लांबी वाढवावी लागते.

प्लाझ्मा म्हणजे ज्यातल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत असा वायू. त्यात ही अडचण नाही; त्यातले अणू आधीच फुटलेले असतात. तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी १९७९ मध्ये सुचवले, की लेझरचा अतिशय आखूड झोत प्लाझ्मात सोडला तर, नावेमागे पाणी उसळावे तशी, त्याच्यामागे विद्युतक्षेत्राची लाट उठेल आणि इलेक्ट्रॉन तिच्यावर स्वार होतील. हे क्षेत्र धातूच्या पोकळीतल्यापेक्षा हजारपटींनी तीव्र असू शकते. अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेने २० सेंटिमीटरमध्ये ७.८ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट गाठले, त्याचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण फ्री इलेक्ट्रॉन लेझरला नुसता वेग पुरत नाही, आणि खरी कसोटी इथेच आहे. या लेझरमध्ये वेगवान इलेक्ट्रॉन अनड्युलेटरमध्ये सोडतात. अनड्युलेटर म्हणजे उलटसुलट ध्रुवांच्या चुंबकांची लांब रांग. तिच्यातून नागमोडी जाताना इलेक्ट्रॉन प्रकाश सोडतात. तोच प्रकाश उलट त्यांच्यावर परिणाम करून त्यांना एकेका तरंगलांबीच्या अंतरावर पातळ थरांत गोळा करतो. थर जमले की सगळे एका तालात प्रकाश सोडतात आणि त्याची तीव्रता झपाट्याने वाढते. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत थोडी जरी तफावत असली, तरी थर जमण्याआधीच विस्कटतात.

ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तीन गटांनी २००४ मध्ये लेझरच्या लाटेतून पहिल्यांदा बऱ्यापैकी एकसारख्या ऊर्जेचे झोत काढले. तरीही तफावत काही टक्क्यांची होती. हवी होती एका टक्क्याहून कमी. शिवाय प्लाझ्मातून बाहेर पडताच झोत फाकतो, त्याला लगेच आवरावे लागते. या दोन अडचणींवर मात करायला सतरा वर्षे लागली. २०२१ मध्ये शांघायच्या गटाने सुमारे ४९ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचे, अर्ध्या टक्क्याच्या आसपास तफावतीचे इलेक्ट्रॉन वापरून २७ नॅनोमीटरचा प्रकाश वाढवून दाखवला. सगळी मांडणी १२ मीटरची होती! पुढच्याच वर्षी जर्मनीत ड्रेस्डेनला फ्रेंच आणि जर्मन संशोधकांनी अतिनील पट्ट्यात असे यश मिळवले.

माझ्या मते हे या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे काम आहे, कारण असे यंत्र एखाद्या विद्यापीठाच्या इमारतीत मावेल. मात्र आज ते बोगद्याची जागा घेऊ शकत नाही. शांघायच्या एका स्पंदाची ऊर्जा जास्तीत जास्त १५० नॅनोज्यूल होती. मोठ्या यंत्रांत ती मिलिज्यूलच्या घरात असते. हॅम्बुर्गचे यंत्र सेकंदाला २७ हजार स्पंद देऊ शकते, शांघायचा लेझर जेमतेम काही. प्रत्येक स्पंद आधीच्यासारखाच निघेल, याचीही अजून खात्री नाही. रेणूंची हालचाल टिपायला लागणाऱ्या कठोर क्ष-किरणांसाठी आज बोगद्याला पर्याय नाही.

आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात अवरक्त फ्री इलेक्ट्रॉन लेझर आहे आणि लेझरने इलेक्ट्रॉन त्वरित करण्याचे प्रयोगही तिथेच झाले आहेत.