जावाची सेवा व जावास्क्रिप्टचें पृष्ठ

बीड जिल्ह्याचे तालुके अकरा. आष्टीपासून परळीपर्यंत कोठें किती पाऊस पडला हें शाळेच्या संगणकावर कोणासही पाहतां यावें, एवढ्याच हेतूनें आम्हीं वर्गांत एक अभ्यास हातीं घेतला. नोंदी सांभाळण्याचें काम जावा भाषेंत लिहिलेल्या सेवेकडे दिलें व त्या दाखविण्याचें काम ब्राउझरमधील जावास्क्रिप्टकडे. या दोन्ही भाषा १९९५ सालीं लोकांपुढें आल्या. नांवें ऐकून पालक त्यांस सख्ख्या बहिणी समजतात. परंतु जावा ही सन मायक्रोसिस्टिम्समध्यें जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घडविली आणि जावास्क्रिप्ट नेटस्केपमध्यें ब्रेंडन आइक यांनीं. साम्य नांवापुरतेंच.

मग या दोघी परस्परांशीं बोलतात कशा? प्रत्यक्ष बोलतच नाहींत. पृष्ठ 'फेच' या आज्ञेनें मागणी पाठवितें आणि सेवा उत्तरादाखल साधा मजकूर धाडते. या मजकुराच्या ठरीव मांडणीस जेसन म्हणतात. त्यांत 'तालुका' या शब्दापुढें 'गेवराई', 'मिलिमीटर' या शब्दापुढें १२, असें लिहिलेलें असतें. तो वाचून जावास्क्रिप्ट आपला तक्ता भरते.

आमच्या विद्यार्थ्यांचें पहिलेंच पाऊल अडखळलें. पृष्ठ ३००० क्रमांकाच्या पोर्टवर चाले, सेवा ८०८० वर. तक्ता रिकामा राही. सेवाच बिघडली असें समजून मुलांनीं जावाचा भाग चार वेळां तपासला. वास्तविक सेवा उत्तर देत होती. ब्राउझर तें पृष्ठाच्या हातीं देत नव्हता! यंत्र एकच असलें तरी पोर्ट भिन्न, म्हणून त्याच्या लेखीं दोघांचें मूळ भिन्न. हा बंदोबस्त नसता तर कोणतेंही परकें पृष्ठ आपण उघडलेल्या बँकेच्या पानांतील मजकूर वाचूं शकलें असतें. उपाय सेवेच्या हातीं आहे. कोणत्या मूळच्या पृष्ठास उत्तर वाचूं द्यावें, हें तिनें उत्तराच्या शिरोभागीं लिहून द्यावें. पुष्कळ नवशिके तेथें तारका घालून सर्वांसच मोकळीक देतात; आम्हांस तें पसंत नाहीं.

याहून मोठा घोटाळा पुढें झाला. प्रत्येक नोंदीस आम्हीं सोळा अंकी क्रमांक दिला होता. धारूरच्या नोंदीचा ९००७१९९२५४७४०९९२, केजच्या नोंदीचा ९००७१९९२५४७४०९९३. जावाच्या 'लाँग' या जातींत दोन्ही जशाचे तसे राहतात. जावास्क्रिप्टची साधी संख्याही ६४ बिटांचीच, पण अपूर्णांकही तिच्यांतच मावविलेले असल्यामुळें पूर्णांकांची खात्री ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच असते. त्यापुढें केजचा क्रमांक मुकाट्यानें धारूरचा झाला. एका मुलीनें केजचा पाऊस दुरुस्त केला आणि बदलला धारूरचा. चुकीची सूचना कोठेंच उमटली नाहीं. दुसऱ्या दिवशीं वही व तक्ता ताडून पाहतांना तिच्याच तें ध्यानीं आलें.

आतां आम्ही क्रमांक अवतरणचिन्हांत घालून, म्हणजे संख्या म्हणून नव्हे तर अक्षरें म्हणून पाठवितों. शून्यानें आरंभ होणाऱ्या खातेक्रमांकासही हीच रीत लागते, कारण जेसनमधील संख्येच्या आरंभीं जादा शून्य चालत नाहीं. धारूरचा जुना आंकडा वहींत होता. तो त्या मुलीनेंच पुन्हां भरला.