बसमधल्या वेळाचं काय करता?

शंका : मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. हरियाणातल्या पिंजौरला खोली घेऊन राहतो आणि कंपनीच्या बसने बद्दीच्या औषध कारखान्यात जातो. क्वालिटी अ‍ॅश्युरन्समध्ये (क्यूए) दोन वर्षं झाली. काम चोख, ओळखी शून्य. बढतीच्या वेळी माझं नाव कुणाला आठवतच नाही. सगळे म्हणतात, 'नेटवर्किंग कर.' म्हणजे साहेबांची हांजी हांजीच ना? लिंक्डइनवर पाचशे जण जोडले, उपयोग नाही.
– एक वाचक, पिंजौर

समाधान : हांजी हांजी जमत नाही, हे बरंच आहे. पण बसमध्ये काय करता, ते तुम्ही लिहिलं नाहीत. कानात हेडफोन असणार, हा माझा अंदाज. त्या बसमध्ये स्टोअर्सचा माणूस असतो, मेंटेनन्सचा असतो, पॅकिंगचा असतो. कारखान्यात हे लोक तुम्हाला भांडणापुरतेच भेटतात.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 साली ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांची पाहणी मांडली. त्यांतल्या जेमतेम 17 टक्क्यांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्याकडून. कारण साधं आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असतं. पुढे 2022 मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांवर अभ्यास झाला. त्यात मध्यम-दुबळे धागे, म्हणजे फार जवळच्याही नाहीत आणि नावापुरत्याही नाहीत अशा ओळखी, सर्वांत कामाचे ठरले. तुमच्या पाचशेंपैकी बहुतेकांशी मात्र धागाच नसावा.

आता तुमच्या खात्याबद्दल. क्यूएवाला प्रॉडक्शनमध्ये कधी दिसतो? बॅच अडली की. म्हणजे तुम्हाला येताना पाहून लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि तुम्ही म्हणता ओळखी होत नाहीत! काहीच अडलेलं नसताना जा. जुन्या ऑपरेटरला विचारा, टॅब्लेट प्रेस पावसाळ्यात का त्रास देते. हातची कला कुणी मनापासून विचारली की माणूस खुलतो. पंजाबी मोडकी बोला. हसतील, हसू द्या.

आणि आधी काहीतरी द्या. 2023 च्या डिसेंबरात सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीची दर्जाची नियमावली, आलं. त्यातलं आपल्या विभागाला काय लागू पडतं, ते सोप्या हिंदीत दोन पानांत लिहून शिफ्ट सुपरवायझरांना द्या. या दोन पानांनी जे होईल ते दहा पार्ट्यांनी होणार नाही.

तुम्ही राहता त्या गावाकडेही पाहा. पिंजौरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना 1971 साली चेक कंपनी झेटरच्या तंत्रज्ञानावर सुरू झाला आणि तो बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला. तिथे यंत्रांवर आयुष्य घालवलेला एखादा म्हातारा तुमच्या चहाच्या टपरीवरही बसत असेल. त्याच्याकडून तुमच्या कारखान्यातली बढती मिळणार नाही, पण यंत्राकडे बघायची नजर मिळेल.

राहिली बढती. 'काम बोलेल' ही आपली खास मराठी भाबडी समजूत. साहेबांना वेळ मागा आणि तोंडाने सांगा, की पुढची जागा मला हवी आहे, माझ्यात काय कमी पडतं? ही हांजी हांजी नव्हे.

शंका : आमच्या ऑफिसातल्या खऱ्या गोष्टी शुक्रवारी संध्याकाळी पुरुषांच्या बैठकीत ठरतात. माझी मुलगी लहान आहे, मी थांबू शकत नाही. आणि थांबले तरी तिथे बसावंसं वाटत नाही.
– एक वाचक, पंचकुला

समाधान : बसूही नका. हर्मिनिया इबारा यांनी 1992 मध्ये एका जाहिरात कंपनीतले संबंध तपासले. पुरुषांना मैत्री आणि कामाचा आधार एकाच वर्तुळात, पुरुषांतच, मिळत होता. बायकांना दोन वेगळी वर्तुळं सांभाळावी लागत होती. तेव्हा दोष तुमच्या स्वभावाचा नाही. सोमवारी सकाळी संबंधितांना एक मेल टाका : 'शुक्रवारी अमुक ठरलं असं कळलं. माझं काम त्यावर अवलंबून आहे, नेमकं काय ठरलं ते लिहून द्याल का?' सूर गोड ठेवा, पण दर सोमवारी टाका. दोन-तीन महिन्यांत कुणीतरी कंटाळून म्हणेल, 'बाई, ही बैठक दुपारीच घेऊ या.'