बाज कोणी पुरवायची?

शास्त्रभाग : मार्क २:१-१२, २ करिंथ ८:१२-२१, लेवीय १९:१४



कफर्णहूम येथे चौघांनी एका पक्षाघाती मनुष्यास प्रभूकडे आणले, हा वृत्तांत आपणास बालपणापासून ठाऊक आहे. प्रवचनात आपण बहुधा त्या चौघांच्या विश्वासावर थांबतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या अभ्यासात आपण त्या मनुष्याच्या अंगाखालच्या वस्तूकडे पाहू. मार्काने तिच्यासाठी ‘क्राबात्तोस’ हा ग्रीक शब्द योजला आहे. हा बोलीतला शब्द असून गरिबाची साधी, उचलून नेता येण्याजोगी शय्या असा त्याचा अर्थ होतो. हाच प्रसंग सांगताना लूकाने निराळा, अधिक शिष्टसंमत शब्द वापरला. मराठी शास्त्रात आपण ‘बाज’ वाचतो. स्वस्त, स्थानिक आणि दुरुस्त करता येण्याजोगे असे ते साधन होते. ते नसते तर चौघांचा विश्वास त्या मनुष्याला छपरापर्यंत कसा नेता?

आजची बाज

आज या बाजेची जागा चाकांची खुर्ची, तीनचाकी सायकल, कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्र आणि पांढरी काठी यांनी घेतली आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील २५० कोटींहून अधिक लोकांना अशा एका तरी साधनाची गरज आहे. काही गरीब देशांत मात्र गरजूंपैकी अवघ्या ३ टक्के लोकांपर्यंत ते पोहोचते. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली.

साधन स्वस्त असावे याचा अर्थ ते हलक्या प्रतीचे असावे असा नाही. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा व शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा पाय घडविला. तो लावून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, शेतात उतरता येते. परदेशी पाय बुटात घालण्यासाठी बनविलेले होते. हा पाय आपल्या जीवनपद्धतीसाठी बनला. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनीही कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांसाठी मऊ रबराच्या साध्या पादत्राणांचा आग्रह धरला. शस्त्रक्रियेने वाचविलेले पाऊल चुकीच्या चपलेने पुन्हा गमावले जाते, हे त्यांनी ओळखले होते.

जबलपूरचे उदाहरण

केंद्र सरकारचे कृत्रिम अंग निर्माण निगम, म्हणजे अॅलिमको, १९७२ मध्ये कानपूर येथे स्थापन झाले. त्याचे एक साहाय्यक उत्पादन केंद्र जबलपूरच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रात आहे. १९८१ पासून चालू असलेल्या ‘एडिप’ योजनेखाली ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांना साधने मिळतात. उत्पन्न ठराविक मर्यादेत असल्यास पूर्ण खर्च, त्यावरील एका मर्यादेपर्यंत निम्मा खर्च शासन सोसते. याखेरीज खासदार निधी आणि २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कंपन्यांनी करावयाचा सामाजिक खर्च हेही मार्ग आहेत.

मग मंडळीच्या दानाचे काम काय? थोडा विचार करा. त्याच कारणासाठी प्रौढ व्यक्तीला योजनेतून पुन्हा साधन मिळण्यास तीन वर्षे जावी लागतात. परंतु कुबडीच्या टोकाचे रबर काही महिन्यांत झिजते, तीनचाकीचा टायर फाटतो, श्रवणयंत्राची बॅटरी संपते. शंभर-दोनशे रुपयांच्या दुरुस्तीवाचून हजारो रुपयांचे साधन कोपऱ्यात पडून राहते आणि माणूस पुन्हा घरात बंदिस्त होतो. शिबिरापर्यंतचे गाडीभाडे व प्रमाणपत्रासाठी बुडालेली मजुरीही गरिबाला जड जाते. शासनाची मदत जेथे थांबते, तेथे मंडळीच्या लहान निधीची खरी गरज सुरू होते.

जबलपूर हे यंत्रकामाचे शहर आहे. तेथील तोफगाडी कारखाना १९०४ चा, तर लष्करी वाहनांचा कारखाना १९६९ चा. अशा शहरांतील मंडळ्यांत निवृत्त फिटर व वेल्डर बसलेले असतात. महिन्यातून एका शनिवारी त्यांनी मंडळीच्या आवारात दुरुस्तीचे काम मांडले, तर त्यांचे कौशल्य हेच अर्पण ठरेल.

पौलाचे तीन नियम

करिंथकरांस निधीविषयी लिहिताना पौल तीन गोष्टी शिकवितो. पहिली, दान आपल्याजवळ जे आहे त्या मानाने मान्य होते (८:१२). दुसरी, ध्येय समानता हे आहे (८:१३-१४). येथील ‘इसोतेस’ या शब्दात दात्याचा मोठेपणा व घेणाऱ्याचा लहानपणा यांना जागा नाही. आज एकाची विपुलता, उद्या दुसऱ्याची. तिसरी, पैसा एकट्याच्या हाती नसावा. मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत होता आणि व्यवहार माणसांसमोरही चोख असावा याची पौलाला काळजी होती (८:१९-२१). म्हणून तिघांची समिती, वेगळी वही आणि दर तिमाहीस उपासनेनंतर हिशेबवाचन, एवढे अवश्य करा. त्या समितीत एक तरी अपंग व्यक्ती असावी. प्रभूनेही बार्तीमयास आधी विचारले की, तुला काय हवे आहे (मार्क १०:५१). न विचारता दिलेली, मापात न बसणारी खुर्ची पाठीला व्रण करते.

शेवटी लेवीय १९:१४ पाहा. आंधळ्यापुढे अडथळा ठेवू नये, ही तेथील आज्ञा. ‘मिख्शोल’ या इब्री शब्दाचा अर्थ ज्याला ठेचकाळून माणूस पडतो ते. आपल्या मंदिराच्या पाच पायऱ्या कोणासाठी मिख्शोल झाल्या आहेत काय? कफर्णहूम येथे दाराने वाट दिली नाही, म्हणून छप्पर उकरावे लागले. आपल्या दारी तशी पाळी कोणावर येऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील कोण साधनाअभावी उपासनेस येऊ शकत नाही? त्यांची भेट कोण घेईल?
२. कोणाच्या घरी नादुरुस्त साधन पडून आहे? दुरुस्तीला किती खर्च येईल?
३. या वर्षीच्या अंदाजपत्रकात उतार बांधण्यासाठी व दुरुस्ती निधीसाठी किती रक्कम ठेवता येईल?