गिटारची खुंटी मागे का फिरत नाही?

गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार तुम्ही पाहिली असेल. तिच्या डोक्यावर सहा खुंट्या असतात. खुंटीचे दाते झिजले की सुरात लावलेली तार गाणे संपण्याआधीच उतरते. घुग्घुससारख्या गावी वाद्यांचा कारागीर शेजारी असेलच असे नाही. पण खुंटीमागचे विज्ञान समजले, तर ती बदलणे अवघड नाही.

तारेचा ताण

लांबी व जाडी तीच ठेवली, तर तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ताण चौपट केला की कंपनसंख्या दुप्पट होते. गिटारची सर्वांत बारीक पोलादी तार बहुधा ०.२५ मि.मी. जाडीची असते. तिची कंप पावणारी लांबी ६४८ मि.मी. असेल, तर सेकंदाला ३३० कंपनांसाठी तिला ७ किलोग्रॅमहून अधिक वजनाइतका ताण द्यावा लागतो. एवढ्या ओढीला खुंटीने दाद देता कामा नये.

घर्षण आणि आटे

मिरजेला बनणाऱ्या सतारीची, तंबोऱ्याची खुंटी लाकडी व निमुळती असते. ती नुसत्या घर्षणावर टिकते. म्हणून तिला खडू लावतात. बारीक फरकासाठी मणका सरकवतात.

गिटारच्या खुंटीत बटणाच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात. ते एका दातेरी चक्रात अडकतात. चक्राला १८ दाते असतील, तर बटणाच्या १८ फेऱ्यांत तार गुंडाळणारा खांब एकदाच फिरतो. खांबाचा व्यास ६ मि.मी. म्हणजे परीघ सुमारे १९ मि.मी. म्हणून बटणाच्या एका फेऱ्यात तार जेमतेम १ मि.मी. ओढली जाते. तेवढ्यानेही बारीक तारेचा सूर ‘सा’वरून जवळजवळ ‘रे’पर्यंत चढतो!

तार मात्र उलट ओढून बटण फिरवू शकत नाही. आट्यांचा चढ अगदी कमी असतो. किंचित कललेल्या फळीवरची पेटी जशी घर्षणामुळे घसरत नाही, तसेच इथे घडते. मोटारीचा स्क्रू जॅकही याच तत्त्वावर गाडी तोलून धरतो.

खुंटी बदलताना

१. जुन्या भोकाचा व्यास मोजा व त्याच मापाची नवी खुंटी घ्या. डावी-उजवी बाजू तपासा.

२. सर्व तारा थोड्या थोड्या सैल करून काढा. तारेच्या टोकापासून डोळे जपा. मग पान्याने पुढचा नट व पेचकसाने मागचे स्क्रू काढा.

३. नवी खुंटी बसवून नट हलका आवळा. पट्टी लावून सर्व खुंट्या एका रेषेत आणा आणि मगच स्क्रूच्या जागा खुणा करा.

४. स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा. नाहीतर लाकूड चिरेल. भोक आरपार जाऊ नये म्हणून ड्रिलच्या पात्यावर योग्य खोलीला चिकटपट्टी गुंडाळा. स्क्रूला कोरडा साबण चोळा.

५. तार चढवताना खांबावर दोन-तीन वेढे द्या, एकाखाली एक.

सूर नेहमी खालून वर चढवत लावा. दाते आणि आटे यांत थोडी मोकळी जागा असते. सूर वरून खाली आणला, तर ती जागा तशीच राहते व तार नंतर उतरते. सूर चुकून चढला, तर तार बरीच सैल करा आणि पुन्हा वर या.

आता सांगा: चक्राला १८ ऐवजी १४ दाते असतील, तर बटणाच्या एका फेऱ्यात तार किती ओढली जाईल? आणि सूर बारकाईने लावायला कोणती खुंटी सोयीची?