एक टक्का कल्पना

व्हिडिओ गेम म्हटला की धावपळ, मारामारी आणि गुणांची कमाई एवढेच डोळ्यांसमोर येते. जपानमध्ये मात्र याहून निराळा असा एक प्रकार लोकप्रिय आहे. त्याला 'व्हिज्युअल नॉव्हेल', म्हणजे दृश्य-कादंबरी, म्हणतात. पडद्यावर चित्रे व संवाद येत जातात. खेळणारा ते वाचतो आणि मधूनमधून पात्राच्या वतीने निर्णय घेतो. त्या निर्णयांप्रमाणे कथेला फाटे फुटतात.

'स्टाइन्स गेट' हा असाच एक खेळ. तो १५ ऑक्टोबर २००९ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. टोकियोतील अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारपेठेत ओकाबे रिन्तारो हा विद्यार्थी आणि त्याचे मित्र मायक्रोवेव्ह भट्टीला मोबाइल फोन जोडतात. त्यातून चक्क भूतकाळात संदेश जाऊ लागतात! संदेश गेला की इतिहास बदलतो, आणि बदललेला इतिहास जिवावर बेततो. खेळाचे चांगले स्वागत झाले. २०११ साली त्यावर चित्रमालिका निघाली आणि २०१४ साली इंग्रजी आवृत्तीही आली.

९९ टक्के विज्ञान आणि १ टक्का कल्पना, असे निर्मात्यांचे सूत्र होते. हे सूत्र आपण थोडे तपासून पाहू.

कथेत 'विश्वरेषा' हा शब्द वारंवार येतो. तो खरा आहे. १९०८ साली मिन्कोव्स्की यांनी अवकाश आणि काल एकत्र मांडले. त्या आलेखावर एखाद्या कणाचा प्रवास दाखवणारी रेषा म्हणजे विश्वरेषा. तुमचीही एक आहे. पण ती एका वस्तूची असते. कथेत मात्र साऱ्या विश्वाच्या इतिहासाची मिळून एक रेषा मानली आहे. शब्द तोच, अर्थ वेगळा.

फिरत्या कृष्णविवराचे गणित १९६३ साली रॉय केर यांनी सोडवले. तेही कथेत आहे. त्या गणितात, कृष्णविवराच्या अगदी आत, काळात मागे वळणारे मार्ग कागदावर दिसतात. निसर्गात ते असल्याचा पुरावा नाही.

कथेतील एक गुप्त संस्था कणांच्या टकरींतून कृष्णविवरे बनवते. जिनिव्हाजवळच्या सर्न या खऱ्या प्रयोगशाळेचे नाव एक अक्षर बदलून तिला दिले आहे. सर्नचा २७ किलोमीटर परिघाचा त्वरक १० सप्टेंबर २००८ रोजी प्रथम सुरू झाला, तेव्हा त्यातून निघालेले कृष्णविवर पृथ्वी गिळून टाकील, अशी भीती जगभर पसरली होती. आपल्याकडेही पुष्कळांची झोप उडाली. पण हिशेब काय सांगतो? या यंत्रातील एका टकरीची आराखड्यातील ऊर्जा सुमारे २ दशलक्षांश ज्यूल, म्हणजे उडणाऱ्या डझनभर डासांच्या गतिज ऊर्जेइतकी. नेहमीच्या त्रिमित अवकाशात लहानात लहान कृष्णविवराला सुमारे २०० कोटी ज्यूल लागतील, असा अंदाज आहे. म्हणजे एकावर पंधरा शून्ये, इतक्या पटींचा फरक! शिवाय, याहून जोरदार टकरी विश्वकिरण आपल्या वातावरणात कोट्यवधी वर्षे घडवीत आले आहेत, आणि पृथ्वी जागच्या जागी आहे.

मग तो एक टक्का कोठे आहे? भांडेभर दुधात विरजण चमचाभरच असते, पण दही मात्र सगळ्या दुधाचे होते. कथेतील कल्पनाही तशीच. तिच्या स्पर्शाने खऱ्या संज्ञांचा अर्थ बदलतो. दही वाईट नव्हे. ते चवीने खावे. फक्त त्याला दूध म्हणू नये.

विद्यार्थिमित्रहो, एखादी विज्ञानकथा वाचाल किंवा पाहाल तेव्हा वहीत तीन रकाने आखा: सिद्ध झालेले, गणितात शक्य असलेले आणि कल्पित. कथेतील प्रत्येक विधान योग्य रकान्यात लिहा. कथेची गोडी त्याने तसूभरही कमी होणार नाही. आणि उद्या तेच शब्द एखाद्या भडक बातमीत भेटले, तर घाबरण्याआधी तुम्ही हिशेब मांडाल.